आंब्याची गाडी आणि दहा रुपयांचा फ्यूज : रात्री वाटेत लाइट गेले तर काय करायचं



आजचा सल्ला फवारणीचा नाही, गाडीचा आहे. काढणी सुरू आहे. सकाळी झेल्याने आंबा उतरवायचा, दुपारी प्रतवारी, संध्याकाळी पेट्या नाहीतर क्रेट भरायचे आणि रात्री गाडी रवाना. वाशीला जायचं तर रत्नागिरीपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. परशुराम, भोस्ते, कशेडी हे घाट वाटेत. कोल्हापूरला जाणाऱ्यांना आंबा घाट, चिपळूणहून कराडकडे जाणाऱ्यांना कुंभार्ली. वर्षभराच्या मेहनतीचा शेवटचा टप्पा हा असा रात्रीच्या रस्त्यावर असतो. तिथे हेडलाइट किंवा वायपर बंद पडला की बहुतेक वेळा कारण असतं एक छोटा फ्यूज.

फ्यूज बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, गॅरेजवाला लागत नाही. पण चुकीच्या पद्धतीने बदलला तर पेंढ्यात भरलेला माल आणि गाडी दोन्ही जळू शकतात. म्हणून हा मेसेज शेवटपर्यंत वाचा आणि *जो गाडी चालवतो त्याला नक्की पाठवा.*

*१) फ्यूज कशासाठी असतो?*

बऱ्याच जणांना वाटतं, फ्यूज बल्ब वाचवायला असतो. तसं नाही. *फ्यूज वायर वाचवायला असतो.* प्रत्येक वायर ठराविक करंट झेलते. त्याहून जास्त करंट गेला की ती तापते, वरचं प्लॅस्टिक वितळतं आणि पेट घेते. म्हणून त्या वाटेत मुद्दाम एक कमजोर दुवा ठेवलेला असतो. करंट वाढला की आधी तो वितळतो, वाट तुटते आणि वायर वाचते.

म्हणजे फ्यूज उडाला याचा अर्थ फ्यूज खराब होता असा नाही. त्याने त्याचं काम केलं. फळगळ दिसली की आपण नुसतं पडलेलं फळ गोळा करून गप्प बसत नाही. पाणी कमी पडलं का, तुडतुडा आहे का, ऊन लागलं का, ते बघतो. फ्यूजचंही तसंच. बदलायचा आणि का उडाला तेही बघायचं.

*२) नंबर आणि रंग*

आजच्या बहुतेक गाड्यांत दोन पात्यांचा प्लॅस्टिकचा फ्यूज असतो. वर नंबर लिहिलेला असतो, तो अँपिअर म्हणजे किती करंट झेलेल तो आकडा. रंगही ठरलेले आहेत आणि सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत तेच चालतात:

▪️ ५ – खाकी / फिका तपकिरी
▪️ ७.५ – गडद तपकिरी
▪️ १० – लाल
▪️ १५ – निळा
▪️ २० – पिवळा
▪️ २५ – पांढरा / पारदर्शक
▪️ ३० – हिरवा

रात्री बॅटरीच्या उजेडात रंग फसवतो. म्हणून रंग बघा, पण *नंबर वाचूनच* लावा.

आकारही दोन-तीन प्रकारचे आहेत. मोठ्या पात्याचा फ्यूज साधारण दोन सेंटिमीटर रुंद असतो, लहान (मिनी) एक सेंटिमीटर. मिनीमध्येही काही आखूड पायांचे येतात. दुकानात जाताना आपल्या गाडीतला एक फ्यूज नमुना म्हणून न्या. जुन्या ट्रॅक्टरला, फवारणीच्या बॅटरी पंपाला काही ठिकाणी काचेच्या नळीचा फ्यूज असतो. नियम तोच : जेवढा नंबर होता तेवढाच.

*३) थोडं गणित, म्हणजे भीती जाईल*

वॅट भागिले व्होल्ट = अँपिअर. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची (ट्रक-टेम्पोला काही ठिकाणी २४).

नेहमीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. डिपरवर एक बल्ब ५५ वॅट, दोन मिळून ११०. ११० ÷ १२ = साधारण ९.२ अँपिअर. दोघांना मिळून १५ चा फ्यूज असेल तर आरामात चालतं. फ्यूजवर सतत त्याच्या पाऊणपटीपेक्षा जास्त भार नसावा, १५ चा पाऊणपट होतो सव्वाअकरा.

आता कोणी "उजेड कमी पडतो" म्हणून दुकानातून १००/९० चे बल्ब घातले. अप्परवर २०० वॅट झाले. २०० ÷ १२ = १६.७ अँपिअर. आता तोच १५ चा फ्यूज वारंवार उडणार. इथे दोष फ्यूजचा नाही. मग कोणीतरी सुचवतो, "३० चा टाक, उडणार नाही." खरंच उडत नाही. पण आता तापते ती वायर.

करंट तिप्पट झाला की वायरमधली उष्णता तिप्पट होत नाही, *नऊपट* होते (३ × ३). १० च्या जागी ३० चा फ्यूज लावला म्हणजे त्या वायरीला नऊपट तापायची परवानगी दिली.

*४) फ्यूज बॉक्स कुठे असतो?*

साधारण दोन जागा. एक आत, डॅशबोर्डखाली, बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ. दुसरा बोनेटखाली, बॅटरीच्या आसपास. गाडीप्रमाणे जागा बदलते, गाडीच्या पुस्तकात चित्र असतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा ते इंग्रजीत छापलेलं असतं. नेहमी लागणारी अक्षरं अशी:

▪️ "एल-एच" म्हणजे डावी बाजू, "आर-एच" म्हणजे उजवी
▪️ "लो" म्हणजे डिपर, "हाय" म्हणजे अप्पर
▪️ "टेल" म्हणजे मागचे आणि पार्किंगचे दिवे
▪️ "स्टॉप" म्हणजे ब्रेक लाइट
▪️ "ए-सी-सी" किंवा "सॉकेट" म्हणजे मोबाइल चार्जरची जागा
▪️ "स्पेअर" म्हणजे जादा ठेवलेला फ्यूज

*दोन्ही झाकणांचा आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.* रात्री गुडघ्यावर वाकून वाचण्यापेक्षा फोटो मोठा करून बघणं सोपं.

*५) आधी ओळखा : फ्यूज की बल्ब?*

▪️ एकाच बाजूचा दिवा गेला → आधी बल्ब बघा. (काही गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज असतात, मग फ्यूजही बघा.)
▪️ दोन्ही दिवे एकदम गेले → फ्यूज, रिले किंवा स्विच.
▪️ दोन वेगळ्या गोष्टी एकदम बंद, उदा. हॉर्न आणि ब्रेक लाइट → बहुतेक फ्यूज. कारण एकाच फ्यूजवर दोन-तीन कामं असतात.

*६) बदलायची पद्धत*

१. गाडी वळणावर थांबवू नका. सरळ, रुंद जागा, शक्य तर पेट्रोल पंप किंवा हॉटेलसमोर. चारही इंडिकेटर चालू, लाल त्रिकोण मागे. हँडब्रेक ओढा, उतारावर चाकाला दगड लावा.

२. जी वस्तू बंद पडली तिचा स्विच बंद करा. मग *चावी बंद करून काढा.*

३. झाकण उघडा, फोटोवरून फ्यूज शोधा. बऱ्याच बॉक्समध्ये प्लॅस्टिकचा छोटा चिमटा असतो. त्याने फ्यूज धरून सरळ वर ओढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, शेजारच्या पात्याला लागून शॉर्ट होईल.

४. उजेडासमोर धरा. मधली बारीक पट्टी अखंड म्हणजे चांगला. तुटलेली, काळी पडलेली म्हणजे उडालेला. अखंड असेल तर तोच परत बसवा आणि शेजारचा बघा. *एका वेळी एकच काढा,* नाहीतर जागा चुकतात.

५. *त्याच नंबरचा, त्याच आकाराचा* नवा फ्यूज पूर्ण आतपर्यंत दाबून बसवा. अर्धवट बसलेला फ्यूज सैल राहून तापतो.

६. चावी लावा, स्विच चालू करा. काम झालं की झाकण घट्ट लावा. बोनेटखालचं झाकण सैल राहिलं तर पावसात पाणी आत जातं.

ज्यांच्याकडे टेस्ट लॅम्प आहे त्यांना फ्यूज काढायचीही गरज नाही. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके असतात. चावी चालू, ती वस्तूही चालू, लॅम्पची क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला. दोन्ही ठिपक्यांवर लॅम्प लागला तर फ्यूज चांगला. एकावरच लागला तर उडालेला. एकावरही नाही तर तिथपर्यंत करंटच येत नाही.

*७) जवळ फ्यूज नाही, रात्र आहे, घाट पुढे आहे. काय करायचं?*

आधी झाकणातला स्पेअर बघा. तो नसेल तर *त्याच नंबरचा आणि त्याच आकाराचा* फ्यूज ज्याच्यावाचून अडत नाही अशा जागेवरून काढा : टेप, मोबाइल चार्जर, आतला दिवा. तो हेडलाइटच्या जागी लावा. अगदी त्या नंबरचा मिळालाच नाही तर एक पायरी *खालचा* लावून बघता येतो. १५ च्या जागी १० उडेल कदाचित, पण वायर जाळणार नाही. *वरचा कधीच नाही.*

ब्रेक, इंजिन, स्टिअरिंग आणि एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नका. तिथून उसना घेऊ नका.

काहीच जमलं नाही तर पार्किंग लाइटवर घाट उतरायचा नाही. गाडी सुरक्षित जागी लावून उजाडायची वाट बघा.

*८) तार, चांदीचा कागद, खिळा : अजिबात नाही*

घरच्या मेन स्विचमध्ये, विहिरीवरच्या पंपाच्या कटआउटमध्ये फ्यूज "बांधायची" आपल्याला सवय आहे. तीच सवय गाडीत येते. वायरीतला तांब्याचा धागा, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, कधी खिळा. लाइट लागतो, गाडी निघते, सगळे खूश.

पण आता त्या वाटेत कमजोर दुवा राहिलाच नाही. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवताना शेकडो अँपिअर देते. वायर कुठे बॉडीला घासून शॉर्ट झाली तर तेवढाच करंट त्या बारीक वायरीतून धावेल. ती वायर डॅशबोर्डमागून, डिझेलच्या पाइपजवळून, मागच्या लाइटपर्यंत हौद्याखालून जाते. आणि हौद्यात काय आहे? सुका पेंढा, लाकडी पेट्या, कागद आणि वरून ताडपत्री. आग लागायला आणखी काय पाहिजे?

*९) नवा फ्यूजही उडाला तर?*

एकदा बदलला, पुन्हा उडाला, तर तिसरा घालत बसू नका. कधी उडतो ते लक्षात ठेवा, वायरिंगवाल्याला तेवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा वेळ वाचतो.

▪️ स्विच लावताच उडतो → थेट शॉर्ट. बल्बचा होल्डर, तुटलेली वायर बघा. चार्जरच्या सॉकेटमध्ये नाणं किंवा पिन पडली आहे का बघा.
▪️ काही मिनिटांनी उडतो → भार जास्त. मोठे बल्ब, जादा लाइट, अडकलेली मोटर.
▪️ खड्ड्यात, वळणावर उडतो → वायर कुठेतरी घासते आहे.
▪️ फक्त पावसात उडतो → लाइटमध्ये किंवा जोडात पाणी जातंय.

आणि फ्यूजची पट्टी अखंड, पण प्लॅस्टिक वितळलेलं किंवा पाय काळे पडलेले असतील तर फ्यूजची जागाच सैल झाली आहे. ती दुरुस्त करावी लागेल. नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही.

*१०) आपल्या भागातली खास कारणं*

▪️ *खारी हवा.* किनाऱ्यालगतच्या गावांत फ्यूजच्या पायांवर, बल्बच्या होल्डरमध्ये, अर्थिंगच्या बोल्टला हिरवा-पांढरा गंज चढतो. फ्यूज चांगला असून लाइट मंद किंवा बंद असेल तर आधी हे बघा. चावी बंद करून फ्यूज काढा, पाय बारीक पॉलिश पेपरने पुसा.

▪️ *उंदीर.* हंगाम संपल्यावर गाडी मांगरात, पडवीत उभी राहते. पेंढा आणि आंब्याच्या वासाने उंदीर येतात आणि वायर कुरतडतात. गाडी ठेवताना हौद्यातला पेंढा झाडून काढा.

▪️ *आंब्याचा पाला.* गाडी झाडाखाली उभी करतो. पाला काचेखालच्या जाळीत साचतो, तिथे पाणी तुंबतं, वायपरची यंत्रणा जाम होते. अडकलेली मोटर जास्त करंट ओढते आणि नेमका पावसात वायपरचा फ्यूज जातो. आठवड्यातून एकदा पाला काढा.

▪️ *मागच्या लाइटची वायर.* क्रेट सरकवताना, फाळका आपटताना ती दबते. "टेल"चा फ्यूज वारंवार जात असेल तर आधी इथे बघा. मागचा दिवा नसलेली गाडी घाटात मागून येणाऱ्याला दिसतच नाही.

▪️ *जादा जोडलेल्या वस्तू.* एलईडी पट्ट्या, मोठा हॉर्न, फॉग लाइट, टेप. हे सगळं आहे त्याच वायरीला पिळून जोडलेलं असतं. जोडायचंच तर बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज आणि रिले लावून घ्या.

*११) हे आपलं काम नाही*

बॅटरीजवळचे बोल्टने बसवलेले मोठे फ्यूज, एअरबॅगचं वायरिंग आणि इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी रंगाची जाड केबल. याला हात लावायचा नाही. थेट मेकॅनिकला बोलवा.

जळका वास किंवा धूर आला तर : गाडी बाजूला, चावी बंद, सगळे खाली आणि दूर. बोनेट एकदम पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडका होतो. पाणी ओतू नका, पावडरचा अग्निशामक वापरा. ११२ ला फोन करा. माल वाचवायला हौद्यात चढू नका.

*१२) या आठवड्यातलं काम ✅*

☑️ दोन्ही फ्यूज बॉक्स उघडून बघा, झाकणांचे फोटो काढा.
☑️ कुठे तार किंवा कागद बांधलेला दिसला तर आजच काढून योग्य नंबरचा फ्यूज लावा. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे आधी तपासा.
☑️ प्रत्येक जागी झाकणावर लिहिलेलाच नंबर आहे ना, जुळवून बघा.
☑️ १०, १५, २० आणि ३० चे दोन-दोन फ्यूज, चिमटा, छोटी बॅटरी, एक जादा हेडलाइट बल्ब, १० आणि १२ नंबरचे पाने एका डब्यात घालून गाडीत ठेवा. फ्यूजला पाच-दहा रुपये लागतात, एका हापूसच्या फळापेक्षा कमी.
☑️ दिवसाउजेडी एकदा चार्जरचा फ्यूज काढून परत बसवायचा सराव करा. घरातल्या ताई-वहिनी गाडी चालवत असतील तर त्यांनीही करा. जोर लागत नाही, माहिती लागते.

शेवटी एक गोष्ट गाडीमालकांसाठी. रात्री गाडी घेऊन जाणारा बहुतेक वेळा आपण नसतो. भाचा असतो, शेजारचा पोरगा असतो, नाहीतर भाड्याचा ड्रायव्हर. लाइट गेले की तो आपल्याला फोन करतो आणि आपण पटकन म्हणतो, "काहीतरी कर, पण सकाळच्या बाजाराला पोच." त्या "काहीतरी"तूनच तार बांधली जाते. त्यामुळे निघतानाच त्याला सांगून ठेवा : "डब्यात फ्यूज आहेत. त्याने जमलं नाही तर थांब, उजाडल्यावर निघ. उशीर झाला तर चालेल." एका दिवसाचा भाव थोडा कमी मिळेल, पण माणूस आणि माल दोन्ही घरचे राहतील.

आपल्या गाडीचा फ्यूज बॉक्स समजत नसेल तर झाकणाचा आणि आतला असे दोन फोटो गाडीच्या मॉडेलसह कंपनीच्या नंबरवर पाठवा. बघून कळवतो.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, रत्नागिरी 🥭